तिरंगी पट्टा आणि संगमरवरी मस्तक

राजेरजवाड्यांची चित्रे आपण सर्वांनी पाहिली आहेत. शाळेच्या पुस्तकात, संस्थानिकांच्या जुन्या वाड्यांत, नगरपालिकांच्या सभागृहांत ती असतात. माणूस उभा असतो किंवा उंच आसनावर बसलेला असतो. मागे पडदा, एखादा खांब. हातात तलवार, राजदंड किंवा गुंडाळलेला कागद. नजर बघणाऱ्याच्या डोक्यावरून पलीकडे गेलेली. अशा चित्रात चेहऱ्याचे साम्य ही दुय्यम गोष्ट असते. सत्ता कोणाची आणि देश म्हणजे कोण, या दोन प्रश्नांची उत्तरे पटवण्यासाठी ते काढलेले असते. म्हणून ही चित्रे केवळ कलासमीक्षकांच्या हवाली करून चालणार नाही. ज्या समाजांना शतकानुशतके अशा चित्रांत जागाच नव्हती, आणि असलीच तर ती छत्री धरणाऱ्याची किंवा पायाशी बसलेल्या चाकराची होती, त्या समाजांतील अभ्यासकांनी ही चित्रे कागदपत्रासारखी वाचायला हवीत. सनद वाचावी तशी. कोणाला काय दिले, कोणाकडून काय काढून घेतले आणि सही कोणाची आहे, हे पाहत.

या लेखात असे एक चित्र वाचायचे आहे. ते १७९७ मध्ये पॅरिसमध्ये रंगवले गेले. चित्रकाराचे नाव आन-लुई झिरोदे. चित्रातील माणूस झाँ-बातिस्त बेले. फ्रान्सच्या संसदेत बसलेला पहिला काळा प्रतिनिधी. जन्माने आफ्रिकी, बालपणी गुलाम, नंतर सैनिक, नंतर लोकप्रतिनिधी. युरोपच्या चित्रकलेत तोवर काळा माणूस येत होता तो नोकर म्हणून, किंवा बायबलमधील कथेतले एक पात्र म्हणून. राष्ट्राच्या सत्तेचा वाटेकरी म्हणून, अधिकृत पोषाखात, स्वतःच्या नावाने उभा असलेला काळा माणूस ही गोष्ट जवळजवळ नवीच होती. आज हे चित्र व्हर्साय येथील राजवाड्याच्या संग्रहालयात आहे. ज्या वाड्यातून गुलामीचा कायदा निघाला, त्याच वाड्यात.

१

बेलेचे चित्र समजून घ्यायचे तर आधी दुसरे एक चित्र डोळ्यांसमोर आणावे लागेल. १७०१ मध्ये यासंत रिगो या चित्रकाराने फ्रान्सच्या चौदाव्या लुईचे भव्य चित्र काढले. राजा त्रेसष्ट वर्षांचा, पण पाय तरुण नर्तकासारखे. अंगावर राज्याभिषेकाचा झगा : बाहेरून निळा, आतून पांढऱ्या फरचे अस्तर, आणि निळ्यावर सोन्याने विणलेली लिलीची फुले. हे फूल म्हणजे फ्रान्सच्या राजघराण्याचे चिन्ह. झग्यावर तेच, आसनावर तेच. चित्रात फ्रान्स नावाचा देश वेगळा दाखवलेला नाही. राजाचे शरीर हाच देश. ते फूल ज्या कापडावर, ते कापड राजाचे. ते फूल ज्या भूमीवर, ती भूमी राजाची.

आता याच राजाचा दुसरा कागद पाहा. मार्च १६८५ मध्ये त्याने कॅरिबियन बेटांतील गुलामांसंबंधी एक कायदा जारी केला. इतिहासात तो ‘काळी संहिता’ म्हणून ओळखला जातो. या संहितेने गुलामाला जंगम मालमत्ता ठरवले; टेबल-खुर्चीसारखी, वाटणीत विभागता येणारी. पळून गेलेल्या गुलामासाठी शिक्षा लिहून ठेवल्या. महिनाभर पळून राहिला तर त्याचे कान कापावेत आणि एका खांद्यावर तापलेल्या लोखंडाने लिलीच्या फुलाचा डाग द्यावा. पुन्हा पळाला तर मांडीमागची शीर तोडावी आणि दुसऱ्या खांद्यावर फुलाचा डाग द्यावा. तिसऱ्यांदा पळाला तर मृत्यू.

एकच फूल. राजाच्या खांद्यावर ते सोन्याच्या धाग्याने येते आणि गुलामाच्या खांद्यावर जळत्या लोखंडाने. दोन्ही ठिकाणी ते एकच गोष्ट सांगते : हे फ्रान्सचे आहे. फरक इतकाच की एका शरीराला देश मिळतो आणि दुसरे शरीर देशाला मिळते. राष्ट्रीय चिन्हाचा अभ्यास करताना ते कोणाच्या अंगावर शोभेसाठी आहे आणि कोणाच्या अंगावर डागासाठी, हा प्रश्न प्रथम विचारला पाहिजे. पेशवाईतील पुण्यात अस्पृश्याच्या गळ्यात मडके आणि कमरेला झाडू ही ओळख होती, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ मध्ये ‘जातिनिर्मूलना’च्या प्रबंधात नोंदवले आहे. ज्या गावात एकाच्या मस्तकावर पगडी ही प्रतिष्ठेची खूण होती, त्याच गावात दुसऱ्याच्या कमरेला बांधलेली खूण त्याची पाऊलवाट पुसत जात होती. खुणा देणारी व्यवस्था एकच होती.

२

सँ-दोमँग ही हैती बेटाच्या पश्चिम भागातील फ्रेंच वसाहत. साखर आणि कॉफी यांच्या जोरावर अठराव्या शतकात ती जगातील सर्वांत श्रीमंत वसाहत मानली जाई. १७८९ च्या सुमारास तेथे सुमारे ५ लाख गुलाम होते, आणि गोरे अवघे ३० हजारांच्या आसपास. जवळजवळ तितकेच मुक्त काळे आणि मिश्रवंशीय होते. या मधल्या थरातील काहींकडे जमिनी होत्या, मळे होते, आणि स्वतःचे गुलामही होते. श्रेणीबद्ध विषमता ही काही आपल्याच भूमीची मक्तेदारी नाही. प्रत्येक पायरीवरच्या माणसाला खाली पाहायला कोणीतरी मिळाले की इमारत टिकते, हे तेथील मळेवाल्यांनाही ठाऊक होते.

२६ ऑगस्ट १७८९ रोजी पॅरिसमध्ये मानवी हक्कांचा जाहीरनामा संमत झाला. माणसे जन्मतः स्वतंत्र आणि समान आहेत, असे त्यात म्हटले होते. तो संमत करणाऱ्या सभेत वसाहतींच्या मळेवाल्यांचे प्रतिनिधी बसलेले होते आणि गुलामगिरी जशीच्या तशी चालू होती. दोन वर्षे वाट पाहून ऑगस्ट १७९१ मध्ये बेटाच्या उत्तर भागातील गुलामांनी उठाव केला. मळे जळाले. जाहीरनाम्याचा अर्थ ज्यांना कोणी सांगितला नव्हता, त्यांनी तो स्वतः लावला.

बेलेचा जन्म सेनेगलच्या किनाऱ्याजवळील गोरे नावाच्या बेटावर झाला, असे सांगितले जाते. (या नावाचा आपल्या ‘गोरे’ या शब्दाशी काही संबंध नाही, पण योगायोग बोचणारा आहे.) अगदी लहानपणी तो गुलाम म्हणून सँ-दोमँगला आणला गेला. पुढे स्वतःच्या श्रमाच्या कमाईतून त्याने आपली मुक्तता विकत घेतली. आपण स्वतःलाच विकत घेतले, असे त्याने पुढे पॅरिसच्या सभागृहात सांगितले. या वाक्यावर क्षणभर थांबावे. माणसाला स्वतःची किंमत मालकाला मोजावी लागते, आणि ती मोजल्यावर तो स्वतःचा होतो. ‘स्वातंत्र्य’ या शब्दाचा अर्थ ग्रंथांतून शिकलेल्या सभासदांना तो किती उमगला असेल?

जून १७९३ मध्ये काप-फ्रान्से या बंदरात गोऱ्या वसाहतवाल्यांच्या आणि खलाशांच्या गटाने क्रांतिसरकारच्या आयुक्तांविरुद्ध बंड केले. तेव्हा बेले पायदळातला कप्तान होता. आयुक्तांच्या बाजूने लढताना तो जखमी झाला. प्रजासत्ताक वाचले ते काळ्यांच्या बंदुकांमुळे. म्हणून २९ ऑगस्ट १७९३ रोजी आयुक्त सोंतोना यांनी उत्तर प्रांतात गुलामगिरी रद्द झाल्याचे जाहीर केले. हा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे. आधी उठाव, मग लढाईची गरज, आणि शेवटी घोषणा. पाठ्यपुस्तकांत मात्र हा क्रम उलटा होतो : आधी थोर विचार, मग थोर कायदा आणि शेवटी कृतज्ञ गुलाम.

त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये उत्तर प्रांतातून राष्ट्रीय सभेसाठी प्रतिनिधी निवडले गेले. त्यांतील तिघे पॅरिसला पोचले : बेले काळा, मिल्स मिश्रवंशीय आणि दुफाय गोरा. वाटेत अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे पळून आलेल्या गोऱ्या वसाहतवाल्यांनी बेलेवर हल्ला केला. एका काळ्याच्या अंगावर अधिकाऱ्याचा पोषाख आणि प्रजासत्ताकाचे तिरंगी चिन्ह त्यांना सहन झाले नाही. पोषाख म्हणजे काय, हे अशा वेळी कळते. आपल्याकडेही चांगले कपडे घातले, पायात वहाण घातली, घोड्यावरून वरात काढली म्हणून माणसे मारली गेली आहेत. ज्यांना ‘कपड्यात काय आहे’ असे वाटते, त्यांना तो प्रश्न विचारण्याची चैन जन्माने मिळालेली असते.

३ फेब्रुवारी १७९४ रोजी हे तिघे सभागृहात दाखल झाले. दुसऱ्या दिवशी, ४ फेब्रुवारीला, दुफायचे भाषण झाल्यावर राष्ट्रीय सभेने सर्व फ्रेंच वसाहतींतील गुलामगिरी रद्द केली.

याच सभेचा आणखी एक सभासद आपल्या परिचयाचा आहे : टॉमस पेन. जोतीराव फुल्यांनी तरुणपणी ज्याचा ‘मानवी हक्क’ हा ग्रंथ वाचला, तोच हा पेन. हा ठराव झाला तेव्हा तो पॅरिसच्या तुरुंगात होता. १७९४ च्या अखेरीस तो सुटून पुन्हा सभेत आला, आणि बेले त्याच सभेत बसत होता. १८७३ मध्ये जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली. त्या अर्पणपत्रिकेमागे एक व्यापक जग होते, आणि त्या जगाच्या आरंभी सँ-दोमँगच्या जळत्या मळ्यांचा उजेड होता.

३

आता चित्राकडे येऊ. बेले उभा आहे. गुडघ्यांपर्यंतचे शरीर दिसते. गडद निळा अंगरखा, गळ्याशी पांढरा रुमाल, फिकट पिवळसर विजार. कमरेला निळा-पांढरा-तांबडा पट्टा. हातातल्या टोपीवर त्याच तीन रंगांचा तुरा. हा राष्ट्रीय सभेच्या प्रतिनिधीचा पोषाख आहे. कानात सोन्याची बाळी. केस पिकत चाललेले. मागे आकाश आणि बेटाचा प्रदेश. चेहरा किंचित वर, नजर आपल्याकडे नाही; कुठेतरी दूर.

शेजारी एक उंच चौथरा, आणि त्यावर पांढऱ्या संगमरवरात कोरलेले एका वृद्ध माणसाचे मस्तक. चौथऱ्यावर नाव कोरलेले आहे : रेनाल. बेले त्या चौथऱ्याला कोपर टेकून उभा आहे.

चौदाव्या लुईच्या चित्रातील सर्व सामग्री येथे आहे आणि तिचा अर्थ बदललेला आहे. झगा गेला, पट्टा आला. लिली गेली, तीन रंग आले. लिलीचे फूल एका घराण्याचे होते. तीन रंग कोणालाही बांधता येतात, निदान तसा दावा आहे. ज्या जातीच्या खांद्यावर फ्रान्सने फुलाचा डाग दिला, त्याच जातीच्या माणसाच्या कमरेला फ्रान्स आता पट्टा होऊन बांधला गेला आहे. बेले राजासारखा ताठ नाही. तो रेलून उभा आहे. रेलून उभे राहणे हा सवडीचा, सुशिक्षिताचा, मालकाचा ढंग. गुलामाने रेलायचे नसते. त्याने एकतर वाकायचे, नाहीतर ताठ उभे राहून हुकमाची वाट पाहायची. त्या एका कोपरात शंभर वर्षांच्या संहितेला दिलेले उत्तर आहे. चित्रकाराने हे जाणून केले की केवळ त्या काळच्या रीतीप्रमाणे केले, हा प्रश्न गौण आहे. चित्रात ते आहे.

इथपर्यंत चित्र आपल्या बाजूचे वाटते. आता त्या पांढऱ्या मस्तकाकडे पाहू.

४

गियोम-तोमा रेनाल हा फ्रेंच धर्मगुरू आणि लेखक. युरोपीयांच्या वसाहतींचा इतिहास सांगणारा त्याचा अनेकखंडी ग्रंथ १७७० मध्ये प्रथम निघाला. त्यात गुलामगिरीवर कडक टीका होती. गुलामांमधून एखादा मोठा पुढारी उठेल, असे भाकितही होते. त्यातील कित्येक जहाल मजकूर प्रत्यक्षात दिदेरोने लिहिलेला होता. १७८१ मध्ये पॅरिसच्या न्यायपीठाच्या आदेशाने हा ग्रंथ जाळण्यात आला आणि रेनालला देश सोडावा लागला. एवढे त्याचे श्रेय खरे आहे. ते नाकारण्याचे कारण नाही.

पण दुसरी बाजूही आहे. याच रेनालचे नाव १७८५ मध्ये सँ-दोमँगच्या कारभारावरील एका पुस्तकावर आले. ते वसाहतीचा माजी अधिकारी आणि मळेवाल्यांचा कैवारी मालुए याच्या सहकार्याने तयार झाले होते, आणि त्यात गुलामगिरी मोडण्याची भाषा नव्हती. ती नीट चालवण्याची होती. मे १७९१ मध्ये याच रेनालने राष्ट्रीय सभेला पत्र लिहून क्रांती फार पुढे गेल्याची तक्रार केली. त्यानंतर तीनच महिन्यांनी गुलाम उठले. मार्च १७९६ मध्ये तो वारला, आणि पुढल्याच वर्षी झिरोदेच्या चित्रात संगमरवर होऊन उभा राहिला.

म्हणजे चित्र म्हणते काय? हा काळा माणूस येथे उभा आहे, कारण या पांढऱ्या मस्तकात एक विचार आला. मस्तक विचार करते, शरीर मुक्त होते. मस्तक पांढरे, शरीर काळे. पांढरे ते दगडाचे, म्हणून चिरंतन. काळे ते मांसाचे, म्हणून नाशवंत. एकाचे नाव चौथऱ्यावर कोरलेले आहे. दुसऱ्याचे नाव पाहणाऱ्याला बाहेरून कळावे लागते.

आणि येथे चित्राने जे वगळले आहे ते सांगणे भाग आहे. बेले मुका नव्हता. १७९५ मध्ये त्याने स्वतःच्या नावाने एक पुस्तिका प्रसिद्ध केली. गूली नावाचा एक वसाहतवादी सभासद काळ्यांच्या मुक्ततेविरुद्ध सभेत प्रचार करत होता, त्याला दिलेले ते उत्तर होते. पुस्तिकेच्या नावात सिंहाचे कातडे पांघरलेल्या गाढवाच्या कानाचा संदर्भ आहे. पंचतंत्रातही वाघाचे कातडे पांघरलेल्या गाढवाची गोष्ट आहे, त्यामुळे आपल्याला ते नाव समजायला अडचण नाही. स्वातंत्र्याची भाषा पांघरलेल्या मळेवाल्यांचे कान बाहेर डोकावत आहेत, असे बेले म्हणत होता. पांघरुणाखालचा प्राणी ओळखणारी ती बुद्धी त्याचीच होती. चित्रकाराला एखादा ग्रंथ दाखवायचाच होता, तर बेलेच्या हातात बेलेची पुस्तिका देता आली असती. ती दिली नाही. हातात टोपी दिली आणि शेजारी दुसऱ्याचे मस्तक ठेवले.

याचा अर्थ झिरोदे दुष्ट होता असा नाही. त्याने बेलेचा चेहरा ज्या बारकाईने आणि आदराने रंगवला आहे, तो त्या काळात दुर्मीळ आहे. प्रश्न व्यक्तीच्या सद्‌भावनेचा नाही. सद्‌भावना असलेल्या माणसालाही दलिताच्या मुक्तीची कथा सांगताना एक उद्धारक लागतोच, हा आहे. उद्धारकावाचून ती कथा त्याला अपुरी वाटते. आपल्याकडील समाजसुधारणेचा इतिहास याच चित्राच्या धर्तीवर लिहिला गेला. मध्यभागी अस्पृश्य आणि शेजारी चौथऱ्यावर उदारमतवादी उच्चवर्णीयाचे मस्तक. १८५५ मध्ये मुक्ता साळवे या मातंग मुलीने ‘ज्ञानोदया’त निबंध लिहून धर्मालाच प्रश्न विचारले होते. गोपाळबाबा वलंगकर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लिहीत होते, अर्ज करत होते. ही आपली पुस्तिका. पण कितीतरी वर्षे शाळेच्या इतिहासात तिला जागा नव्हती. जागा होती ती चौथऱ्यावरच्या मस्तकांना.

५

चित्राच्या नावाचाही एक इतिहास आहे. १७९७ मध्ये पॅरिसमध्ये ते प्रथम प्रदर्शित झाले तेव्हा त्याला माणसाचे नाव नव्हते. ‘एका निग्रोचे चित्र’ एवढीच ओळख होती. १७९८ च्या सरकारी प्रदर्शनात ते ‘नागरिक बेले, वसाहतींचे माजी प्रतिनिधी’ या नावाने आले. वर्षभराच्या अंतरात एकच चित्र, एकच माणूस. आधी वर्ण, मग नागरिक. ‘नागरिक’ हा शब्द किती महाग आहे हे यावरून दिसते.

ही गोष्ट एकट्या बेलेची नाही. १८०० मध्ये मारी-गिय्येमिन बन्वा या चित्रकर्त्रीने एका काळ्या स्त्रीचे चित्र प्रदर्शित केले. ती ग्वादलूप बेटावरून चित्रकर्त्रीच्या नातेवाइकांनी आणलेली सेविका होती. अंगावर पांढरे वस्त्र, डोक्याला पांढरा फडका. एक स्तन उघडा. नाव होते ‘एका निग्रो स्त्रीचे चित्र’. तिचे मादलेन हे नाव चित्राला मिळायला २०१९ साल उजाडले. त्या वर्षी पॅरिसमधील ऑर्से संग्रहालयाच्या प्रदर्शनात ते त्या नावाने लागले. बेलेला पट्टा मिळाला; मादलेनला पट्टा नाही, पोषाख नाही, दोन शतके नावही नाही. आणि ज्या प्रजासत्ताकाने पुरुषांना नागरिक म्हटले, त्याने गोऱ्या स्त्रियांनाही मताचा अधिकार दिला तो थेट १९४४ मध्ये. बेलेच्या चित्राचा गौरव करताना चित्राबाहेर राहिलेल्या या स्त्रीला विसरलो, तर आपणही एक चौथराच उभारू.

नावाचे मोल आपल्या समाजाला सांगायला नको. धोंड्या, कचऱ्या ही नावे आवडीने ठेवलेली नव्हती. १९५६ नंतर घराघरांत गौतम, सिद्धार्थ, यशोधरा, सुजाता आल्या तेव्हा प्रस्थापितांनी नाके मुरडली. त्यांना त्यात नक्कल दिसली. प्रत्यक्षात ती चित्राखालची पाटी बदलण्याची क्रिया होती.

६

चित्र रंगवून झाले आणि इतिहास त्यातून निघून गेला. बेलेच्या सभासदत्वाची मुदत संपली. तो लष्करी अधिकारी म्हणून बेटावर परतला. फ्रान्समध्ये बोनापार्ट सत्तेवर आला. १८०१ च्या अखेरीस त्याने तूसाँ लूव्हेर्त्यूरची सत्ता मोडण्यासाठी सँ-दोमँगवर मोठी फौज पाठवली. २० मे १८०२ च्या कायद्याने वसाहतींतील गुलामगिरी पुन्हा कायम केली. त्याच वर्षी काळ्यांना आणि मिश्रवंशीयांना फ्रान्सच्या भूमीवर येण्यास बंदी झाली. जो माणूस फ्रान्सच्या संसदेत बसला होता, त्याच्या वर्णाच्या माणसाला आता फ्रान्सच्या बंदरात उतरता येत नव्हते.

बेले शेवटपर्यंत फ्रान्सच्या गणवेशात राहिला. बोनापार्टने पाठवलेल्या त्याच फौजेबरोबर तो अधिकारी म्हणून गेला होता. तरीही त्याला अटक झाली, फ्रान्सला पाठवून बेल-ईल या बेटावर कैदेत ठेवण्यात आले, आणि १८०५ मध्ये तो तेथेच वारला. तूसाँ त्याआधीच, एप्रिल १८०३ मध्ये, डोंगरातल्या एका थंड किल्ल्यात मेला होता. एकाने स्वतंत्र सत्ता उभारली, दुसऱ्याने फ्रान्सवर निष्ठा ठेवली. फ्रान्सने दोघांनाही तुरुंगात मारले. पट्टा बांधणाऱ्याने राष्ट्रावर विश्वास ठेवला. राष्ट्राने त्याच्याकडे पाहिले ते अखेर कातडीकडेच.

ज्यांनी पट्ट्यावर विसंबून न राहता लढा चालू ठेवला, त्यांनी १ जानेवारी १८०४ रोजी हैती हे स्वतंत्र राष्ट्र जाहीर केले. १८२५ मध्ये फ्रान्सच्या राजाने युद्धनौका पाठवून त्यांच्याकडून १५ कोटी फ्रँकची भरपाई कबूल करून घेतली. १८३८ मध्ये ती ९ कोटींवर आली. ही भरपाई गुलामांना मिळायची नव्हती, ती मालकांना द्यायची होती. बेलेने जे केले होते तेच आता एका संपूर्ण राष्ट्राला करावे लागले : स्वतःला विकत घेणे. उरलेल्या फ्रेंच वसाहतींत गुलामगिरी संपायला १८४८ उजाडले.

आणि झिरोदे? त्याने पुढे नेपोलियनची राज्याभिषेकाच्या वेषातील चित्रे काढण्याचे मोठे सरकारी काम घेतले. त्यात पुन्हा तोच झगा आहे, तेच पांढऱ्या फरचे अस्तर, तोच राजदंड; लिलीच्या जागी सोन्याच्या मधमाश्या, एवढाच फरक. ज्या कुंचल्याने मुक्त गुलाम रंगवला, त्याच कुंचल्याने गुलामगिरी परत आणणारा सम्राट रंगवला. कलावंताच्या कुंचल्याला आपण होऊन पक्ष नसतो. तो घ्यावा लागतो.

७

मग अशा चित्राचे करायचे काय? ते फसवे म्हणून फेकून द्यायचे? मला तसे वाटत नाही. बेलेचे चित्र खोटे नाही. ते एक अपुरे राहिलेले वचन आहे. सत्तेच्या चित्रात जागा मिळणे आणि सत्तेत जागा मिळणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे ते शिकवते. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी हाच इशारा दिला होता : २६ जानेवारी १९५० पासून आपण अंतर्विरोधाच्या जीवनात प्रवेश करत आहोत, राजकारणात समता असेल आणि सामाजिक, आर्थिक जीवनात विषमता असेल. बेलेचे आयुष्य म्हणजे त्या अंतर्विरोधाला बळी पडलेल्या माणसाचे आयुष्य. समतेचा कायदा ४ फेब्रुवारी १७९४ ला झाला. मळ्यांची मालकी, नौदल, बँका, व्यापार यांच्या मालकांची मने तीच राहिली. आठ वर्षांत कायदा उलटला.

स्वातंत्र्य, समता, बंधुता ही त्रयी आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसनी घेतलेली नाही, ती आपल्या गुरूच्या, बुद्धाच्या शिकवणीतून घेतली आहे, असे बाबासाहेबांनी ३ ऑक्टोबर १९५४ च्या आकाशवाणीवरील भाषणात सांगितले. या विधानाकडे पुष्कळदा धार्मिक विधान म्हणून पाहिले जाते. बेलेच्या चित्रासमोर उभे राहून ते पुन्हा वाचावे. मुक्तीच्या विचाराचा चौथरा कोणाचा, हा त्यातला प्रश्न आहे. दुसऱ्याच्या चौथऱ्याला कोपर टेकून उभे राहणाऱ्याला चौथरा हलला की पडावे लागते.

आता आपल्या गावोगावच्या चौकांतील बाबासाहेबांचा पुतळा आणि घराघरांतील त्यांची तसबीर यांकडे पाहा. निळा कोट, तांबडा टाय, डोळ्यांवर चष्मा, एक हात उंचावलेला, आणि दुसऱ्या हातात ग्रंथ. शेजारी कोणाचेही मस्तक नाही. कोणत्याही चौथऱ्याला कोपर टेकलेले नाही. ग्रंथ स्वतःच्या हातात आहे आणि तो स्वतः घडवलेला आहे. ही मूर्ती कोणा दरबारी चित्रकाराने ठरवलेली नाही. ती वस्तीने ठरवली. वर्गणी काढून, रंग देऊन, कधी दगड झेलून. संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र लागायला एप्रिल १९९० उजाडले. वस्तीतल्या भिंतीवर ते त्याच्या कितीतरी आधी लागलेले होते. राष्ट्राने चित्र लावण्याची वाट आपल्या लोकांनी पाहिली नाही, ही या इतिहासातील महत्त्वाची गोष्ट आहे.

परंतु येथेही सावध राहिले पाहिजे. पुतळ्याला हार घालणारे आणि पुतळ्याच्या हातातील ग्रंथ मिटवू पाहणारे हात एकच असू शकतात. सत्तेला मेलेल्या माणसाचे चित्र नेहमीच परवडते. म्हणून चित्र कोठे लागले याच्या हिशेबाबरोबर दुसरा हिशेब ठेवावा लागेल : जमीन कोणाकडे आहे, शाळेत कोण टिकते, गटारात कोण उतरतो, आणि निवडून गेलेला आपला प्रतिनिधी तेथे स्वतःचे शब्द बोलतो की केवळ पट्टा बांधून उभा राहतो.

बेले स्वतःचे शब्द बोलला होता. चित्रात ते नाहीत, पुस्तिकेत आहेत. विद्यार्थ्यांना हे चित्र दाखवायचे असेल तर शिक्षकांनी ती पुस्तिकाही शेजारी ठेवावी, आणि मग विचारावे : यांतला खरा चौथरा कोणता?